निपाह नक्की पसरतो कसा? आणि वडावरच्या वटवाघळांचं काय करायचं?

साधा_प्रश्न

नमस्कार मंडळी, इथे नर्स, डॉक्टर, जंगलात फिरणारे असे बरेच जण आहेत म्हणून इथेच विचारतेय, गूगल करून करून डोकं भणाणलंय. केरळमध्ये परत निपाहची केस सापडल्याची बातमी आली आणि आमच्याकडे नुसता गोंधळ चाललाय. माझी धाकटी बहीण कोझिकोडला नर्सिंग शिकते, लास्ट इयर, आणि पुढच्या आठवड्यात सुट्टीला घरी यायचीये. तिकीट काढून झालंय. आता बिल्डिंगच्या ग्रुपवर एकाने बातमीची लिंक टाकली आणि खाली लिहिलं की "ज्यांच्या घरी तिकडून कोणी येणार आहे त्यांनी सर्वांचा विचार करावा". नाव नाही घेतलं पण बिल्डिंगमधे तिकडून येणारी ती एकटीच आहे हो. आईने ते वाचलं तेव्हापासून ती कुणाशी नीट बोलत नाहीये.

दुसरं म्हणजे गावाकडे आमच्या परसात जुना वड आहे, त्यावर शे-दीडशे वटवाघळं असतील, लहानपणापासून बघतोय. निपाह वटवाघळांतून येतो म्हणून आता ग्रामपंचायतीत विषय निघालाय की झाड तोडा, नाहीतर निदान फटाके लावून त्यांना हाकला, आणि गंमत म्हणजे आमचे बाबाच पुढे आहेत त्यात.

तर मला सरळ सांगा, हा रोग हवेतून पसरतो का? एकजण म्हणतो कोविडसारखाच आहे, एकजण म्हणतो फक्त फळांतून होतो, तिसरा म्हणतो डासांमुळे. शंभरात सत्तर माणसं जातात म्हणतात ते खरं का? बहिणीला येऊ द्यायचं की नाही? आणि झाडाचं काय?

जागरूक_नागरिक

ताई तुमच्या शेजाऱ्यांचं काही चुकलं नाही. सावधगिरी बाळगलेली बरी. मला आलेल्या मेसेजमध्ये स्पष्ट म्हटलंय की ब्रॉयलर कोंबडीतून पसरतो, मोठ्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी सांगितलंय, दोन महिने चिकन बंद ठेवा. सगळी फळं पण बंद. मी घरात सांगून टाकलंय.

आडवातिडवा

कुठल्या हॉस्पिटलचे, कुठले डॉक्टर, कधी सांगितलं? हा चिकनवाला मेसेज २०१८ पासून फिरतोय, कोंबडी तीच आणि डॉक्टरही तेच, फक्त गावाचं नाव बदलतं. कोंबड्यांमधून निपाह माणसाला झाल्याची एकही केस नाहीये.

वॉर्डातली_ताई

साधा_प्रश्न, मी आयसीयूत काम करते, बरीच वर्षं झाली. निपाहचा पेशंट मी स्वतः हाताळलेला नाही, पण आम्हाला त्याचं ट्रेनिंग असतं आणि केरळातल्या मैत्रिणींकडून तिथल्या २०१८ च्या साथीचं बरंच ऐकलंय. जमेल तेवढं सांगते, मोठं होईल.

आधी मरणाचं. हो, हा रोग भयंकर आहे, त्यात काही लपवण्यासारखं नाही. जागतिक आरोग्य संघटना ४० ते ७५ टक्के म्हणते, म्हणजे साथ कुठे आहे आणि उपचार किती लवकर मिळाले यावर फरक पडतो. ताप, डोकेदुखी, उलट्या, मग झोपाळल्यासारखं, बरळणं, झटके, मेंदूला सूज, काहींना दम लागतो. ठराविक औषध नाही, मंजूर झालेली लस नाही. रिबाविरिन, रेमडेसिविर वापरून बघतात, आणि एक मोनोक्लोनल अँटिबॉडी आहे जी आपण ऑस्ट्रेलियाकडून थोडे डोस मागवून ठेवतो. बाकी सगळा सपोर्ट, व्हेंटिलेटर, झटक्यांची औषधं.

पण मारतो किती आणि पसरतो किती हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि लोकांच्या डोक्यात त्यांची भेळ झालीये. निपाह पसरायला पेशंटची लाळ, खोकल्यातून उडणारे थेंब, उलटी, लघवी, रक्त यांच्याशी संबंध यावा लागतो. रस्त्याने चाललात आणि शेजारून कोणी गेलं, असा नाही होत. आणि लक्षणं नसलेल्या माणसाकडून तो पसरतो असं आजवर कुठल्या साथीत दिसलेलं नाही, हे तुमच्या बहिणीच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचं.

मग होतो कुणाला? जो उशाशी बसतो त्याला. आपल्याकडचा वॉर्ड डोळ्यासमोर आणा. पेशंट बेशुद्धीत, तोंडातून फेस येतोय, बायको पदराने पुसतेय, त्याच हाताने मग स्वतः चहा पितेय. मुलगा रात्री खाटेखाली चटई टाकून झोपलाय. भाऊ उलटीचं भांडं धुऊन आणतोय कारण मावशी जागेवर नाहीत. कूस बदलायला, चादर ओढायला नातेवाईकच पुढे होतात. आणि मग आम्ही, म्हणजे सक्शन करणारे (घशातला कफ नळीने ओढून काढणारे), श्वासाची नळी घालणारे. सक्शन करताना काय उडतं ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. त्या वेळी एन-९५, गॉगल, गाउन, दोन जोड्या ग्लोव्ह्ज लागतातच. आणि खरी मेख कपडे घालण्यात नाही, काढण्यात आहे. दमलेलं माणूस ग्लोव्ह काढतं, कपाळावरचा घाम पुसतं आणि संपलं. आम्हाला म्हणून आरशासमोर किंवा जोडीदारासमोर काढायला लावतात, तो एकेक पायरी मोठ्याने म्हणतो.

कोझिकोड जिल्ह्यातल्या पेरांब्राच्या तालुका हॉस्पिटलमधली नर्स लिनी पुदुश्शेरी आठवत असेल तुम्हाला. पहिल्या पेशंटची ड्युटी तिच्याकडे होती, तेव्हा तो निपाह आहे हे कुणालाच माहीत नव्हतं, साधा तापाचा पेशंट समजून सगळं चाललं होतं. २१ मे २०१८ ला ती गेली. दोन लहान मुलं मागे.

पूर्वीचा_कोझिकोडकर

मी २०१८ च्या मे महिन्यात तिथेच होतो, नोकरीनिमित्त. लिनीची बातमी आली त्या दिवसापासून शहराचा नूर पालटला. कोविडच्या आधीची गोष्ट आहे ही, मास्क लावलेली एवढी माणसं मी तोवर एकत्र कधी पाहिली नव्हती. पेरांब्राकडे जाणाऱ्या बसेस रिकाम्या. रमझान चालू होता, एरवी त्या दिवसांत संध्याकाळी फळांच्या गाड्यांवर उभं राहायला जागा नसते, तिथे आंब्यांचे ढीग तसेच पडून. आखाती देशांनी केरळची फळं घेणं थांबवलं. तालुका हॉस्पिटलच्या नर्सना रिक्षावाले बसवून घेईनात, बसमध्ये शेजारची सीट रिकामी राहायची. स्मशानातल्या कामगारांनी मृतदेह घ्यायला नकार दिला, शेवटी महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्याने स्वतः उभं राहून अंत्यविधी उरकले.

आणि आता नंतर कळलेलं सांगतो. पहिल्या माणसाला झाला कसा, ते आजतागायत सिद्ध नाही. आधी विहिरीतल्या वटवाघळांवर संशय गेला, ती निघाली किडे खाणारी, त्यांचे आणि डुकरांचे नमुने निगेटिव्ह आले. मग मोठी फळं खाणारी पकडली, त्यातल्या काहींत व्हायरस सापडला. पण त्याने नक्की काय खाल्लं, कशाला हात लावला, हे कोण सांगणार, तो तर ५ मे लाच गेला होता आणि तेव्हा कुणाला संशयही नव्हता. त्याच्या घरातलं दुसरं माणूस तशाच लक्षणांनी आजारी पडलं तेव्हा एका डॉक्टरांच्या डोक्यात आलं की हे काहीतरी वेगळं आहे, नमुने मणिपालच्या लॅबला आणि पुण्याच्या एनआयव्हीला (राष्ट्रीय विषाणू संस्थेला) गेले.

त्या साथीत एकूण २३ जण धरले जातात, १८ लॅबमध्ये सिद्ध झालेले आणि ५ असे की ज्यांचा नमुना घ्यायच्या आधीच ते गेले होते. वाचले फक्त दोन. आता गंमत बघा (गंमत कसली म्हणा), त्या २३ पैकी फळातून किंवा वटवाघळातून झालेला बहुधा एकच, पहिला. बाकी सगळे माणसाकडून, आणि जवळजवळ सगळे तीन हॉस्पिटलांच्या आत. आम्ही मात्र सगळे बाजारातल्या आंब्याकडे बघून घाबरत होतो.

जागरूक_नागरिक

तुम्ही लोक फार खात्रीने बोलता. २०२० मध्ये पण जागतिक आरोग्य संघटनेने छातीठोक सांगितलं होतं कोविड हवेतून पसरत नाही. नंतर काय झालं? मग आता तुमच्यावर का विश्वास ठेवायचा? उद्या म्हणाल पसरतो.

आकडेमोड

चिकनचं जाऊ द्या, पण हा प्रश्न मात्र रास्त आहे आणि "अफवा पसरवू नका" म्हणून तो उडवून लावण्यात अर्थ नाही. मार्च २०२० मध्ये त्यांनी तसं लिहिलं होतं, खरंच लिहिलं होतं. म्हणून कोण काय म्हणतं ते बाजूला ठेवू आणि निपाह इतक्या वर्षांत प्रत्यक्ष कसा वागला ते बघू.

बांगलादेशात २००१ पासून जवळपास दरवर्षी निपाह होतो. तिथल्या २००१ ते २०१४ मधल्या २४८ रुग्णांचा माग काढला गेलाय, कोणाला कोणाकडून झाला. त्यातल्या ८२ जणांना माणसाकडून लागण झाली होती, म्हणजे एक रुग्ण सरासरी ०.३३ लोकांना देतो. कोविडचा सुरुवातीचा आकडा दोन-तीनच्या घरात होता. एकाच्या खाली असलेली साथ ओल्या लाकडाच्या आगीसारखी असते, धूर भरपूर, आजूबाजूचं थोडं जळतं, पण आपसूक विझते. आणि सरासरीवरही जाऊ नका, कारण २४८ पैकी बहुतेकांनी कुणालाच दिला नाही, मोजक्या काहींनीच दिला. ज्यांना श्वासाचा त्रास होता, खोकला होता, वय ४५ च्या पुढे होतं अशांकडून जास्त. फरीदपूरला २००४ मध्ये एका धार्मिक गुरूच्या आजारपणात भेटायला, सेवा करायला भक्तांची रीघ लागली, त्या एकाकडून वीसेक लोकांना झाला.

त्याच अभ्यासातला मला सगळ्यात बोलका वाटलेला आकडा सांगतो. रुग्णाच्या नवऱ्याला किंवा बायकोला लागण झाली ५६ पैकी ८ जणांना. बाकीच्या जवळच्या नातेवाइकांत ५४७ पैकी ७. एकाच घरात, एकाच हवेत राहणारी माणसं आहेत ही. हवेतून गोवरासारखा पसरत असता तर हा फरक दिसला नसता आणि ५४७ पैकी ७ वर थांबलाही नसता. सेवा कोण करतं, त्याच्यावर ठरतंय सगळं.

आता तुमच्या बाजूचाही मुद्दा सांगतो, नाहीतर अर्धवट होईल. २०१८ ला कोझिकोडमध्ये काही जण असे होते की त्यांनी पहिल्या पेशंटला हातही लावला नव्हता, स्कॅनच्या बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये किंवा कॅज्युअल्टीत तो खोकत असताना ते आसपास होते, एवढंच. म्हणजे जवळच्या अंतरावर, बंद जागेत, खूप खोकणाऱ्या पेशंटकडून थेंबांतून लागण होऊ शकते, त्याला शिवायलाच हवं असं नाही. त्यामुळे "फक्त स्पर्शाने" असं जे काही पोस्टर्सवर लिहितात ते मला पटत नाही. पण त्या कॉरिडॉरमधून पुढे ते शहरात पसरलं नाही. बाजारात, बसमध्ये, शाळेत साखळी तयार झाली नाही, आणि तेव्हा सुरुवातीचे दोन आठवडे कुणाला पत्ताही नव्हता, मास्क नव्हते, काही नव्हतं. पसरायचाच असता तर तीच संधी होती त्याला.

वॉर्डातली_ताई

+१. कॉरिडॉरचं मी लिहायचं राहूनच गेलं. म्हणून तर तापासोबत खोकला असेल त्या पेशंटला दारातच मास्क द्या, वेगळं बसवा, हे आम्ही कंठशोष करून सांगत असतो. ते केलं की निम्मं काम झालं. पण ओपीडीत दोनशे माणसं आणि बाक चार असतील तर कुठे बसवणार, सांगा.

पश्चिम बंगालमधल्या सिलिगुडीचं पण वाचा कुणाला वाचायचं असेल तर. २००१, जानेवारी-फेब्रुवारी. ६६ रुग्ण, ४५ गेले, आणि बहुतेकांचा संबंध हॉस्पिटलशी, त्यात स्टाफ होता, नातेवाईक होते, भेटायला आलेले होते. तो निपाह होता हे कळायला पुढे पाच वर्षं लागली, जपून ठेवलेले नमुने नंतर तपासले तेव्हा.

गंधाली_२२

मधेच विचारते, डासांचं काय? आमच्याकडे नगरसेवकाने निपाहसाठी म्हणून फॉगिंग केलं 😐

आडवातिडवा

नगरसेवकाला मलेशियाला पाठवा ट्रिपला. १९९८-९९ मध्ये तिथे हेच झालं होतं. डुकरं पाळणाऱ्या लोकांना मेंदूज्वर व्हायला लागला, सरकारला वाटलं जपानी मेंदूज्वर, म्हणजे डासांचा. मग फवारणी काय, लसीकरण काय, सगळं झालं आणि माणसं मरतच राहिली. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की डुकरांशी प्रत्यक्ष काम करणारेच आजारी पडतायत, त्याच घरातली लहान मुलं नाही, आणि डासाला काय कळणार कोण मोठं नि कोण लहान. वटवाघळांनी खाल्लेली फळं गोठ्यात पडायची, ती डुकरं खायची, डुकरांकडून माणसांना. २६५ रुग्ण, १०५ मृत्यू, दहा लाखाच्या आसपास डुकरं मारावी लागली. ज्या गावावरून नाव पडलं ते सुंगाई निपाह तिथलंच. डासातून निपाह पसरत नाही. फॉगिंगने डेंग्यूचे डास मेले तर तेवढंच पुण्य.

रानवेडा

मी वडासाठी आलोय. ताई, बाबांना हात जोडून सांगा की झाड तोडू नका, आणि हे मी वटवाघळांच्या प्रेमापोटी नाही (आहे प्रेम, पण ते राहू दे), तुमच्याच भल्यासाठी सांगतोय.

महाराष्ट्रात वटवाघळांत निपाह आहे का, तर आहे, लपवण्यासारखं काही नाही. मार्च २०२० मध्ये एनआयव्हीच्या लोकांनी महाबळेश्वरच्या गुहेतली वटवाघळं पकडून तपासली, त्यांच्यात निपाहच्या अँटिबॉडी मिळाल्या, ती बातमी २०२१ ला आली आणि तेव्हाही असाच हलकल्लोळ झाला होता. नंतर मोठं सर्वेक्षण झालं, त्यातही महाराष्ट्रासकट बऱ्याच राज्यांतल्या वटवाघळांत खुणा सापडल्या. म्हणजे हा व्हायरस त्यांच्यात फार आधीपासून आहे, त्यांना तो काही करत नाही, आणि तुमचे आजोबा-पणजोबा त्याच वडाखाली खाटा टाकून झोपलेत. अँटिबॉडी सापडणं म्हणजे ते जनावर आज व्हायरस टाकतंय असं नव्हे, कधीतरी त्याला होऊन गेलाय, एवढंच. माणसात निपाह झाल्याची महाराष्ट्रात नोंद नाही.

आता फटाके लावले तर काय होईल. शे-दीडशे वटवाघळं उडतील आणि पलीकडच्या चिंचेवर, शाळेमागच्या निलगिरीवर, कुणाच्या चिक्कूच्या बागेत जाऊन बसतील. आज ती एका जागी आहेत, सगळ्यांना माहीत आहे कुठे आहेत. मग नसतील. शिवाय उपाशी, घाबरलेल्या, हाकललेल्या वटवाघळांच्या अंगातून व्हायरस जास्त बाहेर पडतो असं ऑस्ट्रेलियात हेंड्रा नावाच्या निपाहच्याच भावंडावर काम करणाऱ्यांना दिसलंय. झाड तोडताना त्यांची पिल्लं खाली पडणार, गावची पोरं ती उचलणार, चावा घेतील, ओरबाडतील. याहून वाईट बेत मला तरी सुचत नाही.

त्यापेक्षा संध्याकाळी थोडं लांब उभं राहून बघा ती काय करतात. फळ तोंडात धरून चावतात, रस गिळतात आणि चोथ्याची गोळी करून थुंकून देतात, खाली त्या गोळ्यांचा सडा असतो. लघवी करायची वेळ आली की उलटं लटकलेलं जनावर फिरतं, अंगठ्याच्या नखांनी फांदीला धरतं आणि सरळ होतं, काम झालं की परत उलटं. म्हणजे तुम्हाला काळजी घ्यायचीये ती झाडाखालच्या त्या गोलाची. तिथे गुरं बांधू नका, वाळवणं घालू नका, पोरांना खेळू देऊ नका. विहीर जवळ असेल तर जाळी टाका. खालचा पाला-चोथा उचलायचा असेल तर हातमोजे, नाकाला फडकं, आणि आधी पाणी मारून, म्हणजे धुरळा उडणार नाही. नंतर साबणाने हात. साबणापुढे हा व्हायरस टिकत नाही, त्याचं बाहेरचं कवच चरबीचं असतं ते फुटतं. मेलेलं किंवा खाली पडलेलं वटवाघूळ दिसलं तर हात न लावता वनखात्याला फोन.

फळं म्हणाल तर झाडाखाली पडलेलं, दात लागलेलं, अर्धवट कुरतडलेलं टाकून द्या, "तेवढा भाग कापून खाऊ" नको. बाकी बाजारातलं धडधाकट फळ धुवा, सोला आणि खा. फळाच्या सालीवर आणि रसात हा व्हायरस हवामानाप्रमाणे काही तासांपासून दोन-तीन दिवस जगू शकतो, म्हणून एवढं. जागरूक_नागरिक, फळं बंद करून तुम्ही फक्त स्वतःचं पोट बिघडवाल.

जागरूक_नागरिक

माझं पोट उत्तम आहे. चिकनचं मान्य, मेसेज डिलीट केला. पण मुलीने आल्यावर काही दिवस वेगळं राहायला काय हरकत आहे? आमच्याकडे म्हातारी माणसं आहेत.

वॉर्डातली_ताई

हरकत आहे, कारण वेगळं कुणी राहायचं ते शेजाऱ्यांनी नाही ठरवायचं, त्याची पद्धत आहे. केरळात केस सापडली की आरोग्य खातं संपर्काची यादी करतं, त्यात कोण किती जवळ आलं त्याप्रमाणे गट पाडतं आणि रोज फोन करून ताप विचारतं. लक्षणं दिसायला साधारण ४ ते १४ दिवस लागतात म्हणून जास्त जवळ आलेल्यांना २१ दिवस घरातच ठेवतात. २०२३ ला यादी हजाराच्या वर गेली होती आणि त्या साथीत रुग्ण झाले एकूण सहा, गेले दोन. नऊ वर्षांचा एक मुलगा व्हेंटिलेटरवर होता, तो वाचला. यादी करणारे लोक कामाला लागले की किती फरक पडतो बघा, २०१८ ला २३ पैकी २१ गेलेले.

तेव्हा साधा_प्रश्न, बहिणीला दोनच गोष्टी विचारा. तिचं नाव कुठल्या संपर्क यादीत आहे का, आणि गेल्या तीन आठवड्यांत ज्या हॉस्पिटलमध्ये तो पेशंट होता तिथे तिची पोस्टिंग होती का. यादीत असेल तर तिला निघूच देणार नाहीत, आणि तिनेही निघू नये. दोन्हींचं उत्तर नाही असेल तर बिनघोर येऊ द्या. कोझिकोड जिल्ह्यात तीसेक लाख माणसं राहतात हो. आल्यावर तीन आठवड्यांत ताप आलाच तर घरी अंगावर काढायचा नाही, मास्क लावून दवाखान्यात जायचं आणि दारातच सांगायचं की केरळहून आलेय. बहुतेक वेळा डेंग्यू किंवा साधा फ्लू निघेल, पण सांगायचं. नमुना लागला तर तो पुण्याला पाषाणच्या लॅबमध्ये जातो, तशी सोय आपल्याकडेच आहे.

आणि हे मी नर्स म्हणून बोलतेय, थोडं लागेल कदाचित. साथीत तुम्हाला आमच्याच हाताखाली यायचं असतं आणि घरी जाताना आम्हीच लिफ्टमध्ये नको असतो.

साधा_प्रश्न

सगळ्यांचे मनापासून आभार, किती नीट लिहिलंत. बहिणीशी बोलले, ती सध्या कम्युनिटी पोस्टिंगला आहे, लांबच्या एका पीएचसीत, त्या हॉस्पिटलकडे ती या सेमिस्टरला फिरकलीही नाही. कॉलेजनेच सगळ्यांचं विचारून यादी केलीये म्हणे आणि ही त्यात नाही. मला म्हणाली, "तुम्ही घाबरताय आणि इथे आम्हाला व्हायवाचं टेन्शन आहे." आकडेमोड यांची ५६ आणि ५४७ वाली पोस्ट बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकली, अजून कुणी काही बोललं नाहीये, दोन निळ्या टिका आहेत फक्त.

बाबांना रानवेडा यांचं सगळं वाचून दाखवलं. जाळीचं पटलंय, विहिरीला या शनिवारी टाकणार आहेत. झाडाबद्दल म्हणाले ग्रामसभेत बघू. चिंचेवर जाऊन बसतील हे ऐकल्यावर जरा गप्प झालेत, कारण ती चिंच सरपंचांच्या दारात आहे.

अजून एक राहिलंच, बाबांना नीरा फार आवडते, आमच्याकडे शिंदीची झाडं आहेत, ओळखीचा एकजण सकाळी सकाळी आणून देतो. ती चालेल ना? ती तर झाडावरून थेट येते, त्याला कुणाचा हात लागत नाही.

रानवेडा

अहो हेच तर! बांगलादेशात माणसांना होतो तो मुख्यतः ह्याच्यातून. तिथेही शिंदीच, रात्रभर मडकं बांधून ठेवतात, पहाटे रस कच्चाच पितात. संशोधकांनी रात्री इन्फ्रारेड कॅमेरे लावले तर वटवाघळं येऊन जिथून रस झिरपतो तीच जागा चाटताना दिसली, वर त्यांची लघवी मडक्यात. म्हणून तिथे साथ थंडीत येते, डिसेंबर ते एप्रिल, रसाच्या हंगामात. आता छाटलेल्या जागेवर आणि मडक्यावर बांबूच्या कामट्यांचा घट्ट विणलेला घेर बांधतात, त्याने वटवाघळं बऱ्यापैकी लांब राहतात. महाराष्ट्रात असं कुणाला झाल्याची नोंद नाही, पण परसातल्या वडावर शे-दीडशे वटवाघळं असताना उघड्या मडक्यातली कच्ची नीरा मी तरी पिणार नाही. त्या माणसाला विचारा मडकं झाकतो का आणि कसं झाकतो, नुसतं वर फडकं टाकलं तर उपयोग नाही, ज्या छाटणीतून रस येतो ती जागा झाकायला हवी. उकळून केलेला गूळ मात्र खुशाल खा, उकळल्यावर काही राहत नाही.

आडवातिडवा

म्हणजे झाड तोडायला निघालेले बाबा रोज सकाळी कच्ची नीरा पीत होते. हे ग्रामसभेत सांगू नका फक्त.